निधनवार्तेतील एक दुरुस्ती

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या महिन्यात आपल्या वृत्तपत्राच्या जिल्हा पानावर माझ्या वडिलांविषयी चार ओळी छापून आल्या. एसटीतील सेवानिवृत्त वाहकाचे अल्पशा आजाराने निधन झाले, ते ७६ वर्षांचे होते, त्यांच्या पश्चात पत्नी, दोन मुले, सुना, नातवंडे असा परिवार आहे, आणि सावडणे विधी अमुक दिवशी सकाळी नऊ वाजता आहे, एवढाच तो मजकूर होता. त्यात छपाईची एकही चूक नव्हती. तरीही त्यात एक मोठी चूक राहिली. ती आपल्या बातमीदाराची नसून सर्वस्वी माझी आहे आणि तिच्या दुरुस्तीसाठीच हे पत्र लिहीत आहे. नुसती दुरुस्ती पाठवून भागले असते. पण ती का हवी, हे सांगायचे तर तात्यांविषयी थोडे सविस्तर लिहावे लागेल.

तात्या गेले ते संध्याकाळी. रात्री साडेअकराच्या सुमारास आपल्या बातमीदारांचा फोन आला, कारण अंक छपाईला जायचा होता. नाव, वय, गाव विचारून झाल्यावर त्यांनी नेहमीचा प्रश्न विचारला, "पश्चात कोण कोण?" आयुष्यभर अशा बातम्या वाचत आल्यामुळे त्यांचा साचा माझ्या तोंडी बसला होता. पत्नी, मुले, सुना, नातवंडे असे मी एका दमात सांगून टाकले. त्या वेळी माझ्यापासून दहा फुटांवर, तात्यांच्या उशाशी, त्यांची धाकटी बहीण बसलेली होती. ती गेली ४६ वर्षे आमच्याच घरात राहते. तिच्याकडे पाहत पाहतच मी ती यादी सांगितली, आणि तरी ती यादीत आली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी अंक आला. घरातल्या लहान मुलीने तो ओट्यावर सर्वांना मोठ्याने वाचून दाखवला. आत्ती (आमच्या भागात आत्याला आत्तीच म्हणतात) खांबाला टेकून ऐकत होती. वाचन संपल्यावर ती म्हणाली, "चांगलं छापलंय की," आणि शेरडे सोडायला निघून गेली. माझ्या तेव्हाही काही लक्षात आले नाही. थोड्या वेळाने माझा धाकटा भाऊ स्टँडवरून अंक घेऊनच घरी आला आणि चार पाहुण्यांदेखत त्याने मला विचारले, "ह्यात आत्ती कुठाय? आणि आक्का?" आक्का म्हणजे आत्तीची मुलगी. हा प्रश्न इतर कोणीही विचारला असता तरी मी ओशाळलो असतो. पण तो माझ्या या भावाने विचारला, याला काही अर्थ आहे. तो पुढे येईल.

आमचे गाव माण तालुक्यात, दहिवडीपासून थोड्या अंतरावर आहे. पावसाचा भरवसा नाही, बाजरी आणि मटकी येईल तेवढी आपली, आणि शेळ्यामेंढ्यांवर पोट, असा हा मुलूख. तात्यांचा जन्म १९४९ चा. राज्यातली पहिली एसटी १ जून १९४८ रोजी पुणे ते नगर धावली, म्हणून "एसटी माझ्याहून वर्षानं थोरली" असे ते म्हणत असत. जुन्या अकरावीची परीक्षा उत्तीर्ण होऊन ते घरी बसले होते, कारण पुढे शिकायला पैसा नव्हता आणि नोकरी नव्हती. अशात १९७२ चा दुष्काळ आला. मे १९७३ मध्ये राज्यभर दुष्काळी कामांवर सुमारे ५० लाख माणसे होती. त्यांतली चार आमच्या घरची होती. आजोबा, आजी, तात्या आणि आत्ती रस्त्याच्या कामावर खडी फोडायला जात. रेशनवर तांबडा मिलो (परदेशी ज्वारी) मिळे आणि कामावर सुकडी. त्या मिलोच्या भाकरीची चव सांगताना आत्ती अजूनही तोंड वाकडे करते.

खडीची मजुरी ब्रास या मापावर मिळे. तात्या फोडत आणि आत्ती पाटीने खडी वाहून ढिगावर टाकत असे. तात्यांना त्या उन्हाळ्यात हिवताप झाला. आठ-दहा दिवस त्यांच्याने हातोडा उचलवेना, तेव्हा १९ वर्षांच्या आत्तीने फोडण्याचे आणि वाहण्याचे दोन्ही काम केले आणि भावाचा हिशेब अपुरा पडू दिला नाही. तात्या भावनेच्या गोष्टी बोलणारे गृहस्थ नव्हते. पण आत्तीविषयी कोणी काही उणे बोलले की ते एकच वाक्य बोलत, "माझा ब्रास तिच्या पाटीनं भरलाय." लहानपणी मला ती एखादी म्हण वाटत असे. तो त्यांच्या मनातला हिशेब होता, हे फार उशिरा समजले.

१९७४ मध्ये ते वाहक म्हणून एसटीत लागले. वाहकाचे काम म्हणजे घंटी वाजवणे आणि तिकिटे फाडणे, अशी पुष्कळांची समजूत असते. निरनिराळ्या किमतींच्या तिकिटांच्या गड्ड्या ट्रेमध्ये लावायच्या, सहा किलोमीटरचा एक टप्पा या हिशेबाने भाडे काढायचे, योग्य आकड्यावर पंच मारायचा, आणि फेरी सुरू होताना व संपताना प्रत्येक गड्डीचा क्रमांक वेबिलावर, म्हणजे फेरीच्या हिशेबाच्या कागदावर, लिहायचा. दोन क्रमांकांची वजाबाकी गुणिले तिकिटाची किंमत म्हणजे झालेली जमा. पिशवीतली रोकड तिच्याशी जुळली पाहिजे आणि कमी भरली तर वाहकाने पदरची घालावी, असा सरळ नियम होता. हे सगळे हलणाऱ्या गाडीत, माणसे दाराला लोंबकळत असताना, पावसात भिजलेल्या नोटा आणि चिल्लर सांभाळत करायचे. ३३ वर्षे हे काम करून २००७ मध्ये, तिकिटाची यंत्रे त्यांच्या हाती येण्यापूर्वीच, ते निवृत्त झाले. पंचाच्या मुठीने त्यांच्या उजव्या तळहातावर अंगठ्याखाली जो घट्टा पडला होता, तो शेवटपर्यंत गेला नाही.

संपादक महोदय, आपल्याशी संबंधित एक गोष्ट येथे नोंदवतो. त्या काळी वृत्तपत्रांचे गठ्ठे साताऱ्याहून पहाटेच्या गाडीनेच कोरेगाव, पुसेगाव करत आमच्या भागात येत. तात्यांची त्या गाडीवर ड्यूटी असली की गठ्ठे उतरवण्याचे काम तेच करत. आपले वृत्तपत्र त्यांनी किती हजार वेळा उचलले असेल, याचा हिशेब मात्र त्यांच्या कोणत्याही वहीत नाही.

बाकी हिशेब सगळे आहेत. वेबिलाची सवय त्यांनी घरातही आणली. दर वर्षाची एक वही, डावीकडे जमा, उजवीकडे खर्च, महिन्याच्या सुरुवातीची शिल्लक आणि अखेरची शिल्लक. तात्या गेल्यानंतर आम्ही दोघा भावांनी ट्रंक उघडली तेव्हा ५० हून अधिक वह्या निघाल्या. १९७९ पासूनच्या प्रत्येक वहीत जमेच्या बाजूला एक निराळा रकाना आखलेला आहे आणि त्याच्या डोक्यावर नुसते "बा." असे अक्षर आहे. तात्या आत्तीला "बाई" म्हणत.

१९७९ मध्ये आत्तीचे यजमान विहिरीच्या कामावर दरड कोसळून गेले. तेव्हा ती २६ वर्षांची होती आणि मुलगी तीन वर्षांची. दिवस झाल्यावर तात्या तिच्या सासरी गेले आणि दोघींना घेऊन आले. पुढच्याच महिन्यात त्यांनी आमच्या शिधापत्रिकेवर दोघींची नावे चढवून घेतली. वरकरणी ही साधी बाब. परंतु माहेरी परत आलेल्या बाईला घरात कोणत्या नात्याने ठेवायचे, याची गावोगावची रीत ज्यांना ठाऊक आहे, त्यांना त्या दोन नावांचे मोल कळेल. तिच्याकडे अन्नाला महाग झालेली बहीण म्हणून पाहायचे आणि दिवसभर राबवून घ्यायचे, ही ती रीत. आत्ती राबत होतीच. ती रोजगार हमीच्या कामावर जाई, शेळ्या पाळी. मात्र तिच्या मजुरीचा आणि शेळ्यांचा एकही पैसा तात्यांनी घरखर्चात घेतला नाही. तो "बा." या रकान्यात लिहिला जाई आणि पोस्टात तिच्या नावाच्या आवर्ती ठेवीत भरला जाई. पाच वर्षांनी ठेवीची मुदत संपली की दुसरी ठेव. वहीत त्या प्रत्येक भरण्यापुढे बारीक बरोबरची खूण आहे, आणि ज्या महिन्यांत भरणा चुकला तिथे पुढच्या महिन्यात दंडाचे काही पैसे तात्यांनी आपल्या बाजूने खर्ची टाकलेले आहेत.

आत्तीच्या यजमानांची आटपाडी तालुक्यात दोन एकर जिरायत जमीन होती. दिरांचे म्हणणे, बाई गेली माहेरी, आता तिला जमीन कशाला. रोज गाडीने कोर्टात जाणाऱ्या एका वकिलांनी तात्यांना सांगितले की १९५६ च्या हिंदू वारसा कायद्यानुसार विधवा पत्नी आणि मुलगी या पहिल्या वर्गाच्या वारस आहेत. त्यानंतर सात वर्षे, साप्ताहिक सुटीच्या दिवशी, वर्षातून पाच-सहा वेळा तरी तात्या त्या वारसनोंदीसाठी खेटे घालत राहिले. कधी साहेब जागेवर नसत, कधी हरकत आलेली असे, कधी एखादा कागद कमी असे. १९८६ मध्ये सातबाऱ्यावर मायलेकींची नावे लागली. फेरफाराची नक्कल घेऊन ते घरी आले, ती आत्तीच्या हातात दिली आणि जेवायला बसले. त्या दिवसाच्या वहीत नोंद आहे ती अशी: "आटपाडी जाणे-येणे, नक्कल फी, चहा २."

एवढ्यावरून आमचे घर म्हणजे गोकुळ होते, असा समज कोणी करून घेऊ नये. एका चुलीवर दोन बायका म्हटल्यावर आई आणि आत्ती यांच्यात शब्दाला शब्द लागे. दोन चुली कराव्यात असे शेजारचे सुचवत आणि तात्या ते ऐकून न ऐकल्यासारखे करत. ते तापट होते. मुलांचे कौतुक करणे त्यांना जमत नसे. माझ्या पदवीच्या निकालावर त्यांनी फक्त गुणांची बेरीज तपासली. आणि १९९४ मध्ये त्यांनी जो निर्णय घेतला, त्यासाठी त्यांचा स्वतःचा मुलगा त्यांच्याशी दोन वर्षे धड बोलत नव्हता.

त्या वर्षी मी साताऱ्याला छत्रपती शिवाजी कॉलेजात होतो. कर्मवीर भाऊराव पाटलांच्या रयत शिक्षण संस्थेची 'कमवा आणि शिका' योजना असल्यामुळे माझा भार घरावर नव्हता. आक्का बारावी झाली होती आणि तिला डीएडला प्रवेश मिळत होता. भाऊ दहावी झाला होता आणि त्याला पॉलिटेक्निकला जायचे होते. पैसा एकाच्याच शिक्षणापुरता होता. आत्ती स्वतः म्हणाली, "दादा, पोराला शिकव. पोरीचं लग्न करू." तात्यांनी दोन दिवस उत्तर दिले नाही. तिसऱ्या दिवशी त्यांनी आक्काची फी भरली. भावाला त्यांनी एवढेच सांगितले की तुला बाप आहे. तेव्हा १६ वर्षांच्या मुलाला या वाक्यातून काय कळणार? त्याला एवढेच दिसले की बापाने सख्ख्या मुलाला डावलून भाचीला शिकवले. खरे सांगायचे तर मलाही तेव्हा तो निर्णय अन्यायाचा वाटला होता आणि आजही तो अगदीच निर्दोष होता असे मी म्हणणार नाही. भावाला यंत्रांची जी समज आहे, ती पाहता तो उत्तम इंजिनिअर झाला असता.

त्यावर कडी म्हणजे आक्काच्या डब्याची जबाबदारी त्याच्यावरच आली. आक्का साताऱ्यात दोन मैत्रिणींबरोबर खोली घेऊन राहत होती. आमच्या गावची मुक्कामी गाडी सकाळी सहाला सुटून थेट साताऱ्याला जात असे. आत्ती पहाटे चारला उठून भाकरी-कालवण करी, जुन्या धोतराच्या फडक्यात डबा गच्च बांधी, आणि भाऊ तो घेऊन स्टँडवर जाई. कंडक्टरच्या सीटखाली डबा ठेवायचा, आदल्या दिवशीचा रिकामा डबा उचलायचा आणि परत यायचे. थंडीत, पावसात, स्वतः रागावलेला असताना, हे काम त्याने दोन वर्षे केले. एकदाच, शिमग्याच्या दुसऱ्या दिवशी, त्याला उशीर झाला आणि गाडी सुटली. तेव्हा त्याने सायकलवरून पुढच्या फाट्यापर्यंत जाऊन गाडी गाठली. ही गोष्ट त्याने घरी सांगितली नाही; ती आम्हाला त्या गाडीच्या ड्रायव्हरकडून कळली.

आक्का पुढे जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका झाली. २००० मध्ये तिचे लग्न झाले, तेव्हा कन्यादान तात्या आणि आईने केले, आणि खर्च तात्यांच्या भविष्यनिर्वाह निधीतून काढलेल्या रकमेतून झाला. आत्तीच्या ठेवीला त्यांनी तेव्हाही हात लावला नाही. त्या ठेवीला हात लागला तो आधीच्या वर्षी, आणि तो आत्तीने स्वतः लावला. भावाला माल वाहण्यासाठी टेम्पो घ्यायचा होता आणि कर्जासाठी सुरुवातीची रक्कम जमत नव्हती. आत्ती पोस्टात गेली, सही केली आणि २० वर्षांत साठलेले पैसे आणून तिने भाच्याच्या पुढ्यात ठेवले. तात्यांनी त्या महिन्यात "बा." रकान्यात एकच शब्द लिहिला आहे: "टेम्पो." भावाने ती रक्कम चार वर्षांत परत केली, तिचेही हप्ते वहीत आहेत. "आत्ती कुठाय ह्यात?" हे त्या सकाळी सर्वांत आधी त्यालाच का सुचले, हे आता ध्यानात यावे.

एसटीच्या माणसाला सणवार नसतात. आषाढीला जादा गाड्या सुटत, त्यामुळे तात्या वर्षानुवर्षे पंढरपूरला जात आणि कळसाला हात जोडून परत येत; एकादशीला देवळात जाणे निवृत्तीनंतरच घडले. चैत्रात शिखर शिंगणापूरच्या यात्रेलाही तेच. पण भाऊबीज हा सर्वांत अवघड दिवस. त्या दिवशी महाराष्ट्रातल्या सगळ्या बहिणी आणि सगळे भाऊ जणू एकाच वेळी गाडीत चढतात. मांडीवर लाडवांचे डबे, कडेवर मुले, आणि जागेवरून भांडणे. इतरांच्या बहिणींना त्यांच्या भावांच्या दारात उतरवून तात्या घरी पोचत तेव्हा रात्रीचे अकरा-साडेअकरा वाजलेले असत. आत्ती उपाशी बसलेली असे. खाकी सदऱ्यावरचा बिल्लासुद्धा न काढता ते पाटावर बसत. ओवाळून झाल्यावर ताटात टाकायला त्यांनी दिवसभराच्या चिल्लरमधून आपल्या नोटा बदलून घेतलेली कोरी, चकचकीत नाणी असत. आम्हा मुलांना झोपेतून उठवून ओवाळणी पाहायला बसवले जाई. एका वर्षी मुक्कामी गाडीवर असल्याने ते येऊच शकले नाहीत. ज्या वाडीत मुक्काम होता, तिथल्या एका बाईने चालक आणि वाहक दोघांना ओवाळले, असे दुसऱ्या दिवशी त्यांनी सांगितले. आणि आत्तीने त्या अनोळखी बाईसाठी पुढच्या फेरीला खण पाठवला.

२०२२ मध्ये ७५ वर्षांवरील नागरिकांना एसटीचा प्रवास विनामूल्य झाला आणि २०२३ मध्ये महिलांना अर्धे तिकीट. तात्यांना २०२४ मध्ये ७५ वर्षे पूर्ण झाली तेव्हा ते आत्तीला घेऊन पहिल्यांदा गोंदवल्याला गेले. वाहकाने त्यांना ओळखले आणि "राहू द्या तात्या" म्हणाला. तात्यांनी ऐकले नाही. शून्य रुपयांचे का होईना, तिकीट फाडल्याशिवाय गाडीत बसायचे नाही, आणि आपल्यामुळे त्या पोराच्या हिशेबात एक माणूस जास्त दिसायला नको, असे त्यांचे म्हणणे होते. यंत्रातून आलेले ते तिकीट त्यांनी उलटसुलट करून पाहिले आणि कागद फार पातळ असल्याचा शेरा मारला. संध्याकाळी वहीत नोंद केली: "गोंदवले. मी ०. बाई अर्धे."

निधनवार्तेच्या साच्याविषयी मी थोडा विचार केला. त्यात लग्नाने आणि रक्ताने खाली उतरत जाणारी माणसे बसतात; बाजूला उभी असलेली बसत नाहीत. घरी परतलेली बहीण, वाढवलेली भाची, आयुष्यभर सोबत राहिलेला अविवाहित भाऊ यांना त्या वाक्यात जागा नसते, आणि ती आहे का, असे कोणी विचारतही नाही. आपल्या बातमीदारांना एक विनंती करावीशी वाटते. "पश्चात कोण कोण?" या प्रश्नाबरोबर "घरात कोण कोण?" हेही त्यांनी विचारावे. रात्री साडेअकराला समोरच्या माणसाचे चित्त ठिकाणावर नसते.

सावडण्याच्या दिवशी मी आत्तीपाशी विषय काढला आणि चूक कबूल केली. "पेपरात काय असतंय रे," ती म्हणाली, "रेशनकार्डात हाय की." एवढे बोलून तिने विषय बदलला. मात्र ते कार्ड ती आतून घेऊन आली होती आणि बोलताना पदरात धरून होती, हे मी पाहिले.

म्हणून ही विनंती. आपल्याकडे जागा कमी असते हे मी जाणतो. तसे असल्यास वरील सर्व मजकूर गाळावा, माझी काही तक्रार नाही. फक्त त्याच पानावर, त्याच सदरात, पुढील एक वाक्य दुरुस्ती म्हणून छापावे:

"त्यांच्या पश्चात पत्नी, बहीण, दोन मुले, एक मुलगी, सुना, जावई, नातवंडे असा परिवार आहे."

आपला,
एक वाचक
ता. माण, जि. सातारा